गोजरकाकीचा भारा

किन्हवलीजवळच्या आमच्या गावात सहज म्हणून कुणी चालायला निघत नाही. चालण्याला काहीतरी कारण लागतं. गोजरकाकीला कारण होतं, पण ते तिला कुणाला सांगायचं नव्हतं. तिला साखरेचा आजार निघाला होता. दवाखान्यात मीच तिच्याबरोबर गेले होते, म्हणून मला ठाऊक.

तिचे यजमान कुंडलिककाका याच आजारानं एका पायाला मुकलेले. मूलबाळ नाही. त्यांना उठवणं, आंघोळीला नेणं, सगळं काकीच्या अंगावर. त्यामुळे ती जिवासाठी नाही, पायांसाठी घाबरली. काकांपासूनही तिनं हे लपवलं.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास सलग, भरभर चालायला सांगितलं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं भरभर.

"दिवसभर राबतेच की मी," काकी म्हणाली.

"ते राबणं झालं. यात मध्ये थांबायचं नाही."

शेतात वाकून वाकून कंबर धरलेली बाई, आणि वर संध्याकाळी हे चालणं! तरी निघाली बिचारी. पण आमचं गाव कसलं सोडतंय? रिकाम्या हातानं बाई भरभर चालताना दिसली की लोकांना वाटतं, घरात भांडण झालं. "काय गो गोजर, काकाशी वाजलं काय?" की धरलीच हाताला, बसवली ओटीवर, आणि समजूत काढायला चहा. तोही गोडमिट्ट. नको म्हणावं तर भांडणाची खात्रीच पटायची. मला तर असा संताप यायचा! पुढच्या तपासणीत साखर आणखी वाढलेली निघाली आणि बोलणी काकीनंच खाल्ली.

शेवटी तिनं युक्ती काढली. डोक्यावर ओझं असलेल्याला आमच्याकडे वाटेत कुणी थांबवत नाही, तेवढी माणुसकी आहे. वाळक्या काटक्यांचा हलका भारा बांधून, तो डोक्यावर घेऊन ती रोज फाट्यापर्यंत जाऊन येऊ लागली. दमायची, घामानं निथळायची, पण साखर हळूहळू उतरू लागली.

परवा मी त्यांच्या ओटीवर बसले होते. काकी परतली, भारा काकांजवळ भिंतीला टेकवला आणि खांबाला धरून खाली बसली.

"रोज तोच भारा नेतेस नि आणतेस," काका म्हणाले. "मला काय दिसत नाय?"

काकी पायांची धूळ झाडू लागली.

"कंटाळली असशील माझं करून. जायाचं तर सुखानं जा गो."

काकीनं पदरानं तोंड पुसलं. "फाट्यावर रोज एसटी उभी असते. जायाचं असतं तर चढली नसती काय मी?" मग म्हणाली, "मला बी साखर झालेय. माझा पाय गेला तर तुमाला उचलील कोण?"

काकांनी हात लांबवला आणि भाऱ्याची सैल झालेली गाठ पुन्हा आवळून बांधली.