खाली बघायचं नाही

नौदलातल्या वैमानिकाचं दुखणं असं की त्याला कुणीच धड आपला म्हणत नाही. जहाजावरची मंडळी म्हणतात, हा उडणारा. उडणारी मंडळी म्हणतात, हा खलाशी. आणि घरचे म्हणतात, हा पाहुणा. ज्याची ही गोष्ट आहे तो तर त्यातही हेलिकॉप्टरवाला. म्हणजे लढाऊ विमानांच्या पोरांनी नाक मुरडायचं आणि बुडणाऱ्यांनी तेवढं देव म्हणायचं. बुडणारेसुद्धा किनाऱ्याला लागले, अंगावर कोरडं घोंगडं आलं, की आपापल्या वाटेने चालते होत. त्याला त्याचं काही वाटत नसे. निदान तो तसं दाखवत नसे, आणि न दाखवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

तळावर त्याला सगळे ‘खांब’ म्हणत. वारा असो, पाऊस असो, त्याचं हेलिकॉप्टर समुद्रावर एका जागी उभं राही ते पुरून ठेवल्यासारखं. बुडत्या माणसाला तारेने वर उचलायचं तर यंत्र जागचं हलून चालत नाही. आणि गंमत अशी की खाली काय चाललंय ते वैमानिकाला दिसतच नाही. मागच्या उघड्या दारात तार सोडणारा बसतो. त्याला दिसतं, तो सांगतो, आणि वैमानिक ऐकतो. ‘पुढे थोडं. अजून थोडं. उजवीकडे. स्थिर. स्थिर.’ वैमानिकाने समोर क्षितिजाकडे नाहीतर जहाजाच्या डोलकाठीकडे नजर लावायची आणि जिवाचा कान करून त्या आवाजावर हात हलवायचे. बाजूच्या खिडकीतून मान वाकवली तर खालचं थोडंफार दिसतं, पण तेच करायचं नसतं. लाटा सरकत असतात. त्यांच्याकडे बघितलं की हात आपोआप लाटेमागे जातात आणि यंत्र सरकतं. शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच सांगतात: खाली बघायचं नाही.

त्याच्या मागे दारात बसायचा तो ‘रेडिओ’. हे नावही तळाने ठेवलेलं, आणि अगदी चपखल. या माणसाचं तोंड जेवतानाही बंद नसे. खांब बोलत नसे आणि रेडिओ थांबत नसे, म्हणून दोघांचं जमलं. रेडिओचा आवाज चालू असला की खांबाला वाटे, सगळं ठीक आहे. मागे सुखरूप कुणीतरी आहे, खाली सुखरूप कुणीतरी आहे.

घरीही त्याची तीच तऱ्हा. बदल्या होत, नौदलाच्या वसाहतीतलं एक घर सोडून दुसरं लावायचं, खिळे तेच, पडदे तेच, फक्त खिडक्यांची मापं वेगळी. बायको मागून सांगे आणि हा कपाट सरकवे. ‘अजून थोडं. भिंतीला लागेल, बेतानं. बास.’ ती म्हणायची, ‘तुम्हाला मागून कुणी सांगितल्याशिवाय काही कळत नाही. आणि मी काय सांगते ते तरी कुठे कळतं?’ मुलीला सायकल शिकवताना हा मागे धावायचा आणि ओरडायचा, ‘पुढे बघ. खाली बघायचं नाही.’ मुलगी तशीच शिकली. गुडघे एकदाही फुटले नाहीत, म्हणून शेजारच्या मुली तिला भित्री म्हणायच्या.

बायकोचा धाकटा भाऊ एका मालवाहू बोटीच्या इंजिनवर मेकॅनिक होता. आईवडील लवकर गेलेले, बहिणीनेच त्याला वाढवलेला. सुट्टीवर आला की यांच्याकडेच मुक्काम. हाताला ग्रीसचा वास, तोंडात सदैव थट्टा. जेवायला बसलं की त्याचं ठरलेलं, ‘भाऊजी, जगाला फुकट फिरवता. घरच्या माणसाला कधी नेणार?’ आणि खांबाचंही उत्तर ठरलेलं, ‘त्यासाठी आधी बुडावं लागतं.’ सगळे हसत. बायकोही हसे, पण उठून आत जाताना म्हणे, ‘असलं बोलू नका हो.’

मग ती बोट खरंच संकटात सापडली. इंजिन बंद पडलेलं, वादळ, आणि खडक जवळ. बोटीचं नाव ऐकलं तेव्हाच खांबाला कळलं, मेहुणा तिच्यावर आहे. खाली घरचं माणूस असेल तर वैमानिकाने तसं सांगायचं आणि उठायचं, दुसरा जाईल. हा नियमही तळावर सगळ्यांना पाठ. पण दुसरा वैमानिक नवखा होता, वारा वाईट होता, आणि खांबाला मनातून ठाऊक होतं की त्याच्या हातांसारखे हात इथे नाहीत. खरंही होतं ते. तो गप्प राहिला. या माणसाचं सगळं वाईट गप्प राहण्यातूनच झालं, असं माझं मत आहे.

एकेक करून बोटीवरची माणसं वर आली. रेडिओ मागून बोलत होता, ‘वर येतोय. स्थिर. आला. घेतला.’ खांब डोलकाठीकडे बघत होता. इंजिनवरचा माणूस शेवटी निघतो, तसा मेहुणा शेवटी निघाला. ‘बांधलाय. उचलतोय. पाय सुटले. स्थिर. स्थिर.’ आणि आवाज थांबला. तार वाऱ्याने झोके घेत होती, ती दोन्ही हातांनी आवरताना रेडिओच्या तोंडून शब्द फुटेना, एवढंच झालं होतं. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. पण मागे कधी नव्हे ती शांतता झाली, आणि खांबाने खिडकीतून मान वाकवून खाली पाहिलं.

हात लाटेमागे गेले. यंत्र सरकलं, तार डोलकाठीच्या दोरांत गुंतली आणि अख्खं हेलिकॉप्टर एका अंगाला ओढलं जाऊ लागलं. अशा वेळी तार तोडायची असते, नाहीतर वर आलेले सगळेच जातात. रेडिओने ती तोडली.

शव काही दिवसांनी मिळालं. बायकोला चेहरा बघू दिला नाही. बघण्यासारखा राहिला नव्हता.

चौकशी बसली. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, ‘तुम्ही खाली पाहिलं होतं का?’ खांब म्हणाला, ‘नाही.’ रेडिओला विचारलं, ‘तुमचं बोलणं मध्ये थांबलं होतं का?’ रेडिओ म्हणाला, ‘नाही.’ दोघांनी आधी काही ठरवलं नव्हतं. एकमेकांना वाचवावं असं दोघांनाही वाटलं, आणि स्वतःलाही. वाऱ्याचा झोत, असा निकाल लागला. वारा बिचारा काही बोलायला आला नाही.

त्यानंतर रेडिओ कामापुरतं बोलू लागला. पोरं त्याला रेडिओच म्हणत राहिली, पण ती आता नुसती सवय होती. खांब पुढे बरीच वर्षं उडला. त्याचं यंत्र पुन्हा कधी हललं नाही. नव्या पोरांना त्याचं उदाहरण देत, आणि तो तिथून उठून जात असे.

बायकोने त्याला पहिल्यांदा विचारलं ते भाजी निवडताना. मान वर न करता. ‘तुम्ही खाली बघितलं होतं का हो?’

तो म्हणाला, ‘नाही. वैमानिक खाली बघत नसतो.’

‘बरं,’ ती म्हणाली, आणि निवडत राहिली.

त्याला वाटलं, हिला शंका आहे. आपण तिचा भाऊ मारला हे ती आज ना उद्या तोंडावर बोलणार. तो त्या दिवसाची वाट बघू लागला आणि घरात अंग चोरून वावरू लागला. ती मात्र भांडली नाही, टाकून बोलली नाही, त्याचा डबा तसाच भरत राहिली. त्यामुळे तर त्याला जास्तच भीती वाटे. भावाचा विषय निघाला की हा बागेला पाणी घालायला उठायचा. बाग म्हणजे चार कुंड्या. त्यांतली झाडं पाण्यानेच कुजली.

मुलगी शिकून नोकरीला लागली, त्या दिवशी बायकोने पुन्हा विचारलं. ‘आज तो असता तर नाचला असता. खरं सांगा, बघितलं होतं का?’ तो म्हणाला, ‘नाही.’

पुढे तो निवृत्त झाला. मग तिचं आजारपण निघालं, आणि निघालं तेव्हा फार उशीर झाला होता. इस्पितळातल्या खाटेशी तो रोज दुपारी बसे, स्टुलावर, पाठ ताठ. तिच्या हाताच्या शिरा सुयांनी निळ्या पडल्या होत्या. एका दुपारी ती म्हणाली, ‘आता एकदा सांगा. मी रागावणार नाही. बघितलं होतं का?’

इथे तरी सांगायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही होतं. पण मनात आलं, हिने शेवटचे दिवस आपल्या भावाच्या मारेकऱ्याचा हात धरून काढायचे? त्याने तिच्या भल्यासाठीच शब्द गिळला. निदान त्याची तशी समजूत होती.

‘नाही,’ तो म्हणाला.

‘बरं,’ ती म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड वळवलं.

ती गेल्यावर भेटायला माणसं येऊन गेली. सगळ्यांत शेवटी, गर्दी ओसरल्यावर, रेडिओ आला. केस पूर्ण पांढरे, एक कान गेलेला. मुलगी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. दोघे समोरासमोर बसले, जुन्या सवयीने मध्ये फार अंतर ठेवून.

‘सर, वहिनी माझ्याकडे येऊन गेल्या होत्या,’ रेडिओ म्हणाला. ‘बरीच वर्षं झाली. तुम्ही समुद्रावर होता.’

‘कशाला?’ खांबाने विचारलं.

‘मी त्यांना सगळं सांगून टाकलं. माझं बोलणं थांबलं, तार मी तोडली, सगळं. म्हटलं, शिव्या द्या. त्या म्हणाल्या, ते मला नको. तुम्ही काय मुद्दाम केलंत? मला एवढंच सांगा, त्याचा चेहरा कसा होता? घाबरला होता का? वर आपला माणूस आहे हे त्याला कळलं का?’ रेडिओने गुडघ्यांवरचे हात चोळले. ‘मी म्हटलं, वहिनी, माझे डोळे तारेवर होते, चेहरा नाही बघितला. बघितला असेल तर सरांनीच. त्यांनी खाली बघितलं असेल तरच. त्यांना विचारा.’

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या.

‘विचारलं होतं ना त्यांनी?’

जो प्रश्न खांबाने इतकी वर्षं आरोप म्हणून ऐकला, तो आरोप नव्हताच. ती त्याच्याकडे भावाची खबर मागत होती. जगात एकाच माणसाकडे ती होती, आणि तो माणूस दर वेळी नाही म्हणाला.

‘हसत होता,’ खांब म्हणाला.

‘कोण?’

‘तो. मी खाली बघितलं तेव्हा तो वरच बघत होता. शिरस्त्राणातूनही ओळखलं त्याने मला. बोट केलं माझ्याकडे.’ त्याने तर्जनी उचलली आणि पुन्हा मिटली. ‘असं. भाऊजी, नेलंत एकदाचं. ऐकू कुठे येतंय, पण तो तेच म्हणत होता. मला माहीत आहे ना. घाबरला नव्हता रे. जराही नव्हता. लहान मूल पाळण्यात बसतं ना, तसा बसला होता.’

रेडिओने मान खाली घातली.

मुलगी कपबशा घेऊन दारात उभी होती. कधीपासून कोण जाणे. चहावर साय धरली होती.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘आईला हे माहीत होतं?’

‘नाही,’ तो म्हणाला.