मंगळवारी पोल माझ्या कपाटात

मिसेस डॉसनच्या मागच्या बागेत मी उभी होते. हातात तिने दिलेला चहा, कान कुंपणापलीकडे. पलीकडच्या उतारावर ठण्ण झालं. पाठोपाठ पत्रा फरफटत नेल्यासारखी किरकिर आणि शेवटी पुन्हा ठण्ण.

"ऐकलंस?" मिसेस डॉसन म्हणाली. "संध्याकाळभर हेच. जॉर्जला झोपवायचं कसं मी?"

जॉर्ज तिचा नवरा. त्याला स्ट्रोक येऊन गेला होता. पलंग मागच्या खोलीत, खिडकीला लागून. बाईचं काहीच चुकत नव्हतं. चुकत होतं आमच्या लोकांचं, आणि त्यांना गेट उघडून देणारी मी होते.

मी ड्राय स्लोपवर केअरटेकर होते. शिक्षण चौथी. त्या कामाला तेवढं पुरलं. ड्राय स्लोप म्हणजे बर्फाशिवाय स्की करायची जागा. टेकडीच्या उतारावर प्लॅस्टिकच्या ब्रशसारख्या चटया अंथरतात, दाते वर करून. त्यांच्यावर स्प्रिंकलरने पाणी मारलं की स्की घसरतात. आमचा स्लोप लंडनच्या हॅरोहून बसने जाण्यासारखा होता. कुलपं, पाणी, भाड्याचे बूट आणि कॅफेचं किचन एवढं माझ्याकडे.

रोहन तिथे शाळेत असल्यापासून यायचा. जन्म इथलाच, म्हणून मराठी मोडकंतोडकं, आता तिशीला टेकलेला, कामाने इलेक्ट्रिशियन. सरळ खाली घसरत येण्यात त्याला रस उरला नव्हता. त्याला रेल हवी होती. रेल म्हणजे जिन्याच्या कठड्यासारखा लोखंडी पाइप, पायांवर उभा केलेला. स्की घालून त्याच्यावर उडी मारायची, आडवं घसरत जायचं आणि पलीकडे उतरायचं. उतरता आलं नाही तर आपटायचं. मोठी, नोकरी करणारी माणसं हे आपल्या मर्जीने करतात. अशा चार-पाच रेल एका जागी मांडल्या की झाला रेल पार्क. आणि कम्युनिटी रेल पार्क म्हणजे त्याला मालक नाही, त्यामुळे प्रत्येकाला मत आहे.

आधी या लोकांना रेलसाठी मोटारवेने पार उत्तरेला जावं लागायचं. ज्यांच्याकडे गाडी नाही ते घरी बसायचे. म्हणून रोहनने आमचा मॅनेजर ग्रॅहम याच्या मागे लागून स्लोपच्या कडेची पडीक पट्टी मिळवली. मंगळवारी संध्याकाळी स्लोप बंद असे, तो वेळ यांचा. ग्रॅहमची अट एकच, शेजाऱ्यांची तक्रार नको. मी म्हटलं, मी थांबेन, मी बघेन. बोलून बसले.

बागेतल्या चहानंतर दुसऱ्याच दिवशी मिसेस डॉसन ऑफिसात आली. ती गेल्यावर ग्रॅहमने मला बोलावलं.

"शीला, येत्या मंगळवारी मी स्वतः तिच्या बागेत उभा राहणार. तिला त्रास झाला, तर बुधवारी रेल भंगारात."

मी रोहनला सांगितलं. तो बाकावर बसलाच. "मावशी, हे गेला तर दुसरी जागा नाही मिळणार. मी सगळ्यांना विचारला आहे. कोणी हो म्हणत नाही."

"मग आवाज बंद करा."

"मीटिंग घेतो."

मीटिंग कॅफेत झाली. मी फरशी पुसत होते, त्यामुळे सगळी ऐकावी लागली. पहिला विषय पार्कचं नाव. दुसरा, टी-शर्टचा रंग. काळा की नेव्ही, यावर दोघांचं वाजलं. मग एकाने कॅमकॉर्डरवर मागच्या मंगळवारचं शूटिंग दाखवलं आणि सगळे त्या एवढ्याशा स्क्रीनवर डोकी घालून बसले. आवाजाचा विषय मी मॉप आपटल्यावर निघाला.

"पण मावशी, ती आवाज पाहिजे," रोहन म्हणाला. "त्याच्यावरून कळतं स्लाइड क्लीन झाली का."

"जॉर्ज डॉसनलाही कळतं," मी म्हटलं. "त्याला विचारत जा."

शेवटी केविन बोलला. तो प्लंबर. म्हणाला, पाइप पोकळ आहे म्हणून घुमतो. त्यात कोरडी वाळू ठासून तोंडं बंद करू, पायांखाली रबर घालू. पाच मिनिटांचं काम होतं ते, बोलायचं. त्यासाठी माझी फरशी दोनदा वाळली.

वाळूची पोती आणली आणि पावसात बाहेर ठेवली. ओली वाळू पाइपात सरकेना. मग ती कुठे वाळवावी? माझ्या ओव्हनमध्ये. रविवारी मी आले तर कॅफेतले स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे गोडसर पाव, भाजायच्या ट्रेमध्ये वाळू. मी जे बोलले ते मराठीत बोलले. रोहनने इतरांना त्याचं भाषांतर केलं नाही, एवढी अक्कल त्याला होती.

मंगळवार आला. बागेत ग्रॅहम, मिसेस डॉसन आणि मी. जॉर्जच्या खोलीची खिडकी मुद्दाम उघडी ठेवलेली. मी मोबाइलवर रोहनला सांगितलं, सुरू करा.

पहिला माणूस गेला. गालिच्यावरून खुर्ची ओढावी तेवढा आवाज. मिसेस डॉसनने मान डोलावली. दुसरा गेला, तिसरा पडला, तरी फार काही नाही. ग्रॅहमने पहिल्यांदा चहाचा घोट घेतला. म्हणाला, "नॉट बॅड."

मग रोहन आला. रेलवर चढला तोंड पुढे करून, मध्येच फिरला आणि पाठमोरा उतरला. महिनोन्‌महिने त्याला हे जमत नव्हतं म्हणे. आणि त्याबरोबर असा खणखणाट उठला की ग्रॅहमचा चहा सांडला. आत जॉर्ज घाबरून ओरडला. मिसेस डॉसन धावत आत गेली.

या लोकांच्या हातात जाड ग्लोव्ह असतात. टाळी वाजत नाही. म्हणून कुणी चांगलं केलं की हातातले स्कीचे पोल, म्हणजे त्या ॲल्युमिनियमच्या काठ्या, मिळेल त्यावर बडवायची यांची रीत. मिळालं होतं लोखंडी कुंपण. मिसेस डॉसनचं.

"वेल, दॅट्स दॅट," ग्रॅहम म्हणाला, म्हणजे खेळ खलास, आणि रुमालाने शर्ट पुसायला लागला.

मी गेटमधून उतारावर गेले. वीसेक माणसं अजून हसत होती.

"अरे, अक्कल विकून आलात का?"

"सॉरी, मावशी. पण ती ट्रिक खूप मस्त झाला ना, म्हणून..."

"ट्रिक मस्त झाली, आता रेल भंगारात गेली. या काठ्या रेलवर लागतात का तुम्हाला?"

रोहनने केविनकडे बघितलं. केविनने जमिनीकडे. "नाही," रोहन म्हणाला. "रेलवर तर मध्येच येतात."

"मग धरता कशाला?"

लहानपणी स्की शिकताना हातात दिल्या, त्या तशाच राहिल्या. मी चाकांचं डस्टबिन ओढत आणलं आणि एकेकाच्या हातून पोल काढून त्यात टाकले. एकजण म्हणाला, माझे नवीन आहेत. त्याचे आधी टाकले.

परत बागेत आले तर ग्रॅहम निघायच्या बेतात. मिसेस डॉसन दारात उभी. जॉर्ज शांत झाला होता.

"रेलचं मला काही नाही," ती म्हणाली. "ते दुसरं काय होतं?"

"ते गेलं डस्टबिनमध्ये. एकदा परत बघाल?"

ग्रॅहम म्हणाला, "शीला, पुरे." मिसेस डॉसन त्याला म्हणाली, "पलंग माझ्या नवऱ्याचा आहे, तुझा नाही. करू दे त्यांना."

रोहन परत आला. फिरला, पाठमोरा उतरला. गालिच्यावरची खुर्ची, मग काही नाही. बागेत आम्ही तिघं आ वासून उभे. काही नाही म्हणजे काही नाही.

मिसेस डॉसन कुंपणाकडे बघत राहिली. म्हणाली, "बिचारा. त्याचं कुणी कौतुकसुद्धा करत नाही?"

"करताहेत," मी म्हटलं. "टाळ्या वाजवताहेत सगळे. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

तिने ग्रॅहमकडे बघून होकारार्थी मान डोलावली. पार्क राहिला.

मी रिटायर होईपर्यंत दर मंगळवारी पोल माझ्या मॉपच्या कपाटात कुलूपबंद असायचे. रोहनने सुरुवातीला भिंतीवर सूचना लावली होती, कृपया पोल आपटू नयेत, खाली हसरा चेहरा. मी ती काढून टाकली. माणसांना सांगत बसू नये. हातातली वस्तू काढून घ्यावी.