साहेबांची बुरशी

धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेतले डॉक्टरसाहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधीच "हं" म्हणत. हंगामात समोरच्या जिनिंग गिरणीतला कापूस उडून तपासणीच्या काचांवर बसे. त्या तंतूंना साहेब बुरशी म्हणत. पारोळ्याच्या आबांच्या मानेतल्या गाठीच्या तुकड्यातही त्यांना बुरशीच दिसली.

"साहेब, तो कापूस आहे," मी म्हणालो.

"तुम्ही काचा धुवा."

मग मी खिडकीत ठेवलेली कोरी काच त्यांच्यापुढे सरकवली.

"हं. बुरशीच. पेशंट कोण?"

"खिडकी, साहेब."

त्यांनी चष्मा पुसला आणि आबांच्या कागदावर बुरशी लिहून सही ठोकली. कागद घेऊन मी बाहेर आलो.

"माले काय व्हयेल शे, भाऊ?" आबांनी विचारलं.

"साहेबांनी अजून तुमची गाठ बघितलेलीच नाही, आबा."