माझं ‘बास’ आणि त्या आजींचा तळवा

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

आम्ही दोघं नवरा-बायको जपानमधल्या ओजिमाहून भाड्याची छोटी कॅम्पिंग व्हॅन घेऊन निघालो होतो. दुपारी हायवेलगतच्या एका थांब्यावर शिरलो, तर आमच्या पुढ्यात एक दणदणीत ट्रक, मागे पांढरीशुभ्र कॅराव्हॅन जोडलेली. खिडक्यांना लेसचे पडदे, आत चक्क ओटा! आमच्या व्हॅनमध्ये कुकर ठेवला की पाय ठेवायला जागा उरत नाही.

पण खरी जळले ती पुढे.

ट्रकमधून सत्तरीच्या एक आजी उतरल्या, मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हात हलवत म्हणू लागल्या, "ओराई, ओराई," म्हणजे इथलं ‘येऊ दे, येऊ दे’. स्टिअरिंगवरचे आजोबा ती एवढी लांब गाडी निवांत मागे घेऊ लागले. आजींनी तळवा दाखवला, गाडी जागच्या जागी थांबली. आजोबांनी खाली उतरून तपासलंसुद्धा नाही हो!

मग आमची पाळी. मी मागे उभी राहून ओरडतेय, "येऊ दे, येऊ दे... बास, बास!"

नवरा म्हणतो, "अगं, मागच्या कॅमेऱ्यात अजून हातभर जागा दिसतेय."

कर्रर्र! झाडाची फांदी छताला घासली. कॅमेऱ्याला खालची जमीन दिसते, वरची फांदी मला दिसत होती.

वर मलाच म्हणतो, "मग नीट सांगायचंस ना!"

तशी कॅराव्हॅन आम्हीही घेऊ कधीतरी. पण खरं सांगा, तुमच्याकडे ‘बास’ म्हटल्यावर गाडी थांबते का?