मशीन मंद केलं, साहेब खूश

मंडळी, आमच्या कानडी साहेबांनी आज अकलेचे तारे तोडले.

गोदामाचा जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालावा म्हणून मी एम्युलेटर बसवला. म्हणजे नव्या मशीननं जुन्याचं सोंग घ्यायचं. पूर्वी बाय-टू कॉफी, म्हणजे एकच कॉफी दोघांत वाटून, पिऊन आलं तरी रेंगाळत असलेली मालाची यादी दोन सेकंदांत आली.

साहेब म्हणाले, "इतक्या लवकर? नक्की काहीतरी चुकलंय." जुन्या यादीशी ओळ न् ओळ ताडून दाखवली, तरी मंजुरीची सही करेनात.

शेवटी एम्युलेटरचा वेग जुन्या मशीनइतका उतरवला. साहेब कॉफी पिऊन आले, तरी यादी निघतच होती.

"सरी, आता कसं बरोबर चाललंय!" असं कानडीत 'ठीक' म्हणत त्यांनी सही ठोकली.

अर्धा दिवस राबून मी धडधाकट मशीनला मठ्ठ केलं आणि शाबासकी मिळवली. तुमच्या ऑफिसातही शाबासकी अशीच मिळते का?