अण्णा शिकवत नाहीत

शेजारी गणपतीचा कारखाना असला की घरात मातीची धूळ आणि कानात किस्से! कितीही झटका, दुसऱ्या दिवशी तेवढेच जमतात. आता माझ्या स्वयंपाकघराची खिडकीच अण्णांच्या कारखान्याकडे उघडते, त्याला मी काय करू?

मूर्तीचे डोळे काढायचे, म्हणजे आखणी. ती फक्त अण्णांची. यंदा अण्णांचा हात थरथरायला लागला. मुलगा नागोठण्याला कंपनीत, शिफ्टवर. राहिली सून विद्या, रोह्याची, डी.एड. झालेली. ती तयार झाली नाही तर बाहेरचा माणूस आणायचा. अण्णा म्हणाले, "त्यापेक्षा कुलूप लावीन!"

*

पहिल्या दिवशी विद्या वही घेऊनच बसली. "अण्णा, आजच्या पाठाचं उद्दिष्ट काय?"

"चतुर्थीच्या आधी मूर्ती संपवणं."

*

अण्णा समजावून काही सांगत नाहीत. तिनं काढलेला डोळा बघतात आणि एकच शब्द, "पूस." ती पुसते, पुन्हा काढते. "पूस." एका दुपारी मी मोजलं, तेवीस वेळा! माझी भाकरी करपली.

शेवटी विद्या भडकली. "काय चुकलं ते तरी सांगा! चूक दाखवणं हे शिक्षकाचं काम असतं."

"मी कुठं शिक्षक हाय? माझ्या बापानं पण मला शिकवलं नाय. नुसतं पुसायला लावलं."

*

मला राहवेना. खिडकीतून म्हटलं, "अण्णा, जरा गोड बोलून शिकवा हो पोरीला!"

"वहिनी, तुम्हाला भाकरी कुणी शिकवली?"

"सासूबाईंनी."

"गोड बोलून?"

मी खिडकी लावून घेतली. फट ठेवली.

*

एकदा विद्यानं गंमत केली. गेल्या वर्षीची, अण्णांनीच आखलेली मूर्ती आपली म्हणून पुढे ठेवली.

"पूस."

"अण्णा, ही तुमची हाय!"

अण्णांनी चष्मा वर केला, मूर्ती उजेडात नेली. "मग तर पूसच. मान वळलीय, नजर वळली नाय."

विद्यानं वहीत पहिली ओळ लिहिली.

*

वडखळच्या एका मंडळाची मोठी मूर्ती राहिली होती. "ही मीच करणार," अण्णा म्हणाले. श्वास रोखून ब्रश टेकवला. डावा डोळा छान उतरला. उजव्याला हात हलला.

मी खिडकी सताड उघडली.

विद्या जवळ गेली, बघितलं आणि हळूच म्हणाली, "पुसा, अण्णा."

अण्णांनी पुसला. ब्रश धुतला आणि दांडा तिच्याकडे करून पुढे धरला.

तिनं उजवा डोळा काढला. अण्णांनी चष्मा वर करून तो बघितला. मग माझ्या खिडकीकडे वळले.

"वहिनी, चहा ठेवा."