मच्छिंद्र खरात आणि तिसरा चंद्र

मच्छिंद्र खरात नव्या माणसाच्या हातात पहिला भाग कधी देत नसे.

"पहिल्यात नव्वद पानं नुसतं आकाशाचं गणित हाय," तो म्हणायचा. "नवा माणूस तिथंच उतरून जातो. तिसऱ्या भागात चढायचं, गोडी लागली की मंग मागं यायचं."

मच्छिंद्र एसटीत कंडक्टर होता. अंतरवाली सराटीहून सकाळी सातला अंबडला जाणारी गाडी वर्षानुवर्षं त्याच्याकडे होती. मी अंबडच्या शाळेत शिकवायला त्याच गाडीनं जायचे. आणि तो ज्याबद्दल बोलायचा ती 'तिसरा चंद्र' नावाची सहा भागांची विज्ञान कादंबरी होती. जालना जिल्हा झाला त्या साली, म्हणजे एक्क्याऐंशीला, मच्छिंद्र जालन्यात मस्तगडच्या एका दुकानात घरची रद्दी घालायला गेला आणि रद्दीऐवजी सहा जाडजूड पुस्तकं डोक्यावर घेऊन परत आला. दोन महिन्यांत त्यानं ती तीनदा वाचली. मग त्याची फार पंचाईत झाली.

"सांगायचं कुणाला, बाई?" तो मला म्हणाला होता. "घरात सांगितलं तर बायको म्हणली, डोक्याला तेल लावा. डेपोत सांगितलं तर म्हणले, रजा घे. पोट फुगून राह्यलं होतं माझं!"

शेवटी त्यानं गाडीतच सुरुवात केली. तिकिटं फाडून झाली की तो मधल्या वाटेत दांड्याला पाठ लावून उभा राहायचा. एका ग्रहाला दोन चंद्र असतात. एका रात्री तिसरा उगवतो. तो चंद्र नसतोच, ते असतं एक अफाट यान, आणि आतली माणसं नऊ पिढ्या प्रवास करून करून आपण प्रवासाला निघालोय हेच विसरलेली असतात. इथवर आलं की गाडीत चिडीचूप. मग मच्छिंद्र दोरी ओढून टण् टण् डबल बेल द्यायचा आणि म्हणायचा, "उरलेलं उद्या."

माणसं वेडी झाली. काम नसताना अंबडला जाऊ लागली. कडूबा नावाचे एक म्हातारे होते, त्यांनी अंबडच्या कोर्टातली आपली बांधाची केस मिटली तरी तारखेला जाणं सोडलं नाही. नवा माणूस चढला की जुने त्याला दोन्ही बाजूंनी धरून मागचं सगळं सांगायचे, एकाच वेळी, चार वेगवेगळ्या प्रकारांनी. तो बिचारा तिकीट मागायचंच विसरायचा.

सगळ्यात हाल ड्रायव्हर बद्रीनाथचे. इंजिनाच्या घरघरीत त्याला मागचं काही ऐकू यायचं नाही. तो चिडायचा, म्हणून गोष्ट बाकाबाकानं पुढं पोचवायची असं ठरलं. नऊ बाकं ओलांडून ती त्याच्याकडे जायची तेव्हा तिचं काय होत असेल ते होवो. चार महिन्यांनी एकदा चहाच्या टपरीवर बद्रीनाथनं गंभीरपणे विचारलं, "हा तिसरा चंदर एवढा फिरून राह्यला, तर थोरल्या दोघा भावांनी वाटण्या करून घेतल्या का?"

मच्छिंद्र हसता हसता बाकड्यावरून घसरून खाली बसला. चहा सांडला, तरी हसू थांबेना.

या सगळ्यांत पुढच्या बाकावर असायची गोजरबाई. पन्नाशीची, माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची पाटी घेऊन अंबडच्या बाजारात जाणारी. तिला यान, ग्रह, कप्तान यांचं काही नव्हतं. तिला आवडायची सगुणाबाई. ही सगुणाबाई यानावर स्वैपाक करायची. तिथं वजनच नसल्यामुळं तव्यावरची भाकर उडून छताला चिकटायची, म्हणून सगुणाबाई प्रत्येक भाकरीला सुतळी बांधायची. कप्तान घाबरला की त्याला ओरडायची, आणि पदराच्या गाठीत ज्वारीचं बी जपायची. गोजरबाई तिच्यासाठी जीव टाकायची. "आज सगुणाचं सांग," ती चढता चढताच म्हणायची. "तुझ्या कप्तानाला घाल चुलीत."

ब्याण्णवच्या सुमाराला गावोगावी साक्षरतेचे वर्ग निघाले. आमच्या गावातला माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी येऊन बसली ती गोजरबाई.

"बाई, मला सगुणा वाचायचीय. तो डबल बेल मारतो अन् माझा जीव टांगून ठिवतो. मला दमानं, माझ्या मनानं वाचायचीय."

वर्षभरात ती वाचायला लागली. बोट ठेवून, ओठ हलवत, जोडाक्षर आलं की शिव्या घालत. मच्छिंद्रनं आनंदानं तिसरा भाग दिला. ती म्हणाली, "मी काय पावणी हाय व्हय? पहिल्यापासून दे." आकाशाच्या गणिताची नव्वद पानं तिनं अशी खुरपून काढली की मी थक्क झाले. असे करत पुरते सहा भाग तिनं तीन वर्षांत संपवले.

त्या दिवशी सकाळी ती गाडीत चढली ती पाटी न घेताच. हातात सहावा भाग. मच्छिंद्र तिकिटं फाडत होता.

"मच्छिंद्रा, सगुणाबाई कुठंय?"

मच्छिंद्रचा हात थांबला.

"सहाच्या सहा वाचले. एकात न्हाई! पुस्तकात ते लोकं गोळी खातेत. गोळी! पांढरी! भाकर न्हाई, सुतळी न्हाई, काईच न्हाई!"

गाडीत एकच गलका उडाला. कडूबा उभेच राहिले. "म्हंजे ती सगुणा खोटी? आम्ही पंधरा वर्षं खोटं ऐकून राह्यलो?" बद्रीनाथनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं येऊन बसला. ही एक गोष्ट त्याला बाकाबाकानं नको होती.

मच्छिंद्रनं तिकिटांची पेटी खाली ठेवली. कान लालबुंद झाले होते.

"पहिल्या आठवड्यात मी बराबर पुस्तकातलंच सांगत होतो," तो म्हणाला. "गोळीचं आलं अन् तुम्ही सगळे हसले. कुणीतरी म्हणलं, भाकर न्हाई तर हे काय माणसं हायेत? मंग माझ्या तोंडून निघून गेलं, की एक बाई होती तिथं, सगुणाबाई. माझ्या मायचं नाव हाय ते. माय रोडच्या कामावर होती, तीन दगडावर शंभर माणसाच्या भाकरी थापायची. वाऱ्यानं चूल राहायची न्हाई, तरी थापायची. मला वाटलं, चंद्रावर कुणी भाकर करू शकत असंल तर तीच. एकदा आली ती, मंग तुम्ही जाऊच देईना तिला."

 गोजरबाईनं तोंड फिरवलं आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. 

पुढचे आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिकीटसुद्धा माझ्या हातून घ्यायची. मच्छिंद्रनं गोष्ट सांगायचंच बंद केलं. गाडी नुसती धावायची आणि लोक जांभया द्यायचे.

नवव्या दिवशी गोजरबाई चढली ती हसू दाबत. सहावा भाग तिनं त्याच्या पेटीवर ठेवला. "शेवटचं कोरं पान बघ."

पेन्सिलीनं, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करता तिथं लिहिलं होतं: *गोळ्या सपल्या. मानसं रडाया लागली. मंग सगुनाबाई उठली. तिनं पदरातलं बी काडलं. ती म्हनली, रडता कशाला, मी हाय ना.*

मच्छिंद्रनं ते मोठ्यानं वाचलं. गाडीत टाळ्या, शिट्ट्या; कडूबांनी टोपी उडवली ती थेट टपाखाली अडकली. मच्छिंद्र डोळे पुसत डबल बेलवर डबल बेल देत सुटला आणि बद्रीनाथला कळेना की थांबायचं का पळायचं.

त्यानंतर नव्या माणसाला तिसरा भाग देणं बंद झालं. नव्यानं आधी पेन्सिलीचं पान वाचायचं, मग पहिला भाग. पानं वाढत गेली. बद्रीनाथनं वाटण्यांचा प्रसंग घातला. कडूबांनी यानावर एक कोर्ट बसवलं. सहावा भाग फुगून शिवणीतून सुटला, तेव्हा मी वहीची पानं चिकटवून दिली.

मच्छिंद्र दोन हजार दोनला निवृत्त झाला. त्याआधी वर्षभर काकासाहेब नावाचे, अंबडच्या कोर्टात जाणारे एक तरुण वकील आमच्या गाडीत येऊ लागले होते. त्यांनी सगळे भाग वाचले, पेन्सिलीची पानं म्हणजे फाटलेल्या छापील पानांची नक्कल असं धरून चालले, भारावून गेले आणि हौसेनं पुण्याहून कोरा करकरीत संच मागवला. पंधरा दिवसांनी ते गाडीत चढले तेच हात उंचावून.

"खरातसाहेब, फसवणूक झाली आपली! नव्या आवृत्तीतनं सगुणाबाई काढून टाकलीय! मी प्रकाशकाला नोटीस देऊन राह्यलो!"

गोजरबाई पुढच्या बाकावर पदर तोंडात कोंबून बसली होती. तिच्या गदगदणाऱ्या खांद्यांकडं बघून मच्छिंद्र कसाबसा म्हणाला, "द्या वकीलसाहेब, बिलकुल द्या. अन् खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या घ्या."

नोटिशीचा मसुदा त्याच गाडीत, वाटेतल्या वाडीगोद्रीच्या अलीकडं, छप्पन्न माणसांनी मिळून केला.